राफेल-एमचे ६३ हजार कोटी, दाबोळीची मिग-२९के आणि ‘एका विमानाची किंमत’ हा भागाकार

झुआरीकाठ, कुठ्ठाळी

कुठ्ठाळीत राहणाऱ्या माणसाला लढाऊ विमानांचा विषय वर्तमानपत्रात शोधावा लागत नाही. तो डोक्यावरून जातो. लहानपणी आम्ही दाबोळीच्या नौदल तळावरून उडणारी सी हॅरियर विमाने पाहिली. ती २०१६ च्या मे महिन्यात निवृत्त झाली, आणि त्याच्या बरीच आधीपासून नौदलाच्या रशियन मिग-२९के विमानांचा गडगडाट आमच्या सकाळींचा भाग होऊन बसला होता. आता राफेल-एमची, म्हणजे विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या फ्रेंच राफेलची, वेळ आली आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी भारत आणि फ्रान्स यांच्यात २६ विमानांचा करार झाला. त्यांपैकी २२ एकआसनी आणि ४ दोनआसनी आहेत, आणि सगळी विमाने २०३० पर्यंत मिळायची आहेत. कराराची रक्कम सुमारे ६३ हजार कोटी रुपये सांगितली जाते. आपल्या गोवा राज्याचा २०२५-२६ चा संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे २८ हजार कोटींचा आहे. म्हणजे शाळा, इस्पितळे, रस्ते, पाणी आणि सरकारी पगार मिळून आपण दोन वर्षांत जेवढे खर्च करतो, त्याहून अधिक पैसा या सव्वीस विमानांत जाणार आहे.

मी साधा भागाकार केला. ६३ हजार कोटींना २६ ने भागले, तर एका विमानाला सुमारे २,४२३ कोटी पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलासाठी ९७ देशी बनावटीच्या तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. तिथे हाच भागाकार सुमारे ६४३ कोटी देतो. एका राफेल-एमच्या पैशांत पावणेचार तेजस येतात. माझा प्रश्न असा आहे की, राफेल-एमची कामगिरी तेजसच्या पावणेचार पट आहे का, आणि नसेल तर हा जादा पैसा नेमका कशाचा आहे? ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनी कृपया आकड्यांसह लिहावे. देशभक्ती आणि देशद्रोह यांची वाटणी कोणी करू नये, ही विनंती.

म्हापशेकर

झुआरीकाठ यांच्या प्रश्नात मी आणखी एक भर घालतो. कागदावरचा वेग पाहिला तर मिग-२९के ध्वनीच्या सुमारे दुप्पट वेगाने जाऊ शकते, राफेल १.८ पट, आणि अमेरिकेचे बहुचर्चित एफ-३५ तर १.६ पटच. म्हणजे विमान जितके नवे आणि महाग, तितके ते मंद, असा हा उलटा बाजार दिसतो. मोटार विकणारा ‘ही गाडी जुनीपेक्षा हळू धावते, म्हणून चौपट पैसे द्या’ असे म्हणाला, तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. तेव्हा ‘कामगिरी’ या शब्दाचा अर्थच आधी कोणीतरी स्पष्ट करावा.

जुना तंत्रज्ञ, वास्को

नौदलाच्या विमानांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, त्यामुळे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. जे उघड आणि छापील आहे, तेवढेच लिहितो.

म्हापशेकर साहेब, कमाल वेग हा आकडा आम्ही हँगरमध्ये कधी कामाचा मानला नाही. बाहेर क्षेपणास्त्रे आणि इंधनाच्या टाक्या लटकवल्या की दुप्पट वेग कागदावरच राहतो, आणि तो गाठलाच तरी आफ्टरबर्नर, म्हणजे जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारी सोय, काही मिनिटांत टाकी रिकामी करतो. आजच्या हवाई लढाईत आधी कोणी पाहिले आणि कोणाचे क्षेपणास्त्र शेवटच्या टप्प्यापर्यंत जोर टिकवून राहिले, यावर निकाल लागतो. मिग-२९के वरील झुक-एमई रडारचा अँटेना यंत्राने फिरतो. राफेलवरील आरबीई-२ रडारची किरणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतात, त्यामुळे ते एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवू शकते आणि त्याला जॅम करणे, म्हणजे त्याच्या लहरींत अडथळा आणणे, अवघड जाते. राफेलवरच्या मिटिऑर क्षेपणास्त्रात रॅमजेट, म्हणजे बाहेरची हवा ओढून चालणारे इंजिन आहे. साधे क्षेपणास्त्र सुरुवातीच्या काही सेकंदांत सगळे इंधन जाळून पुढे केवळ गतीच्या जोरावर सरकते; मिटिऑर आपले इंधन राखून वापरते आणि लक्ष्याजवळ पोहोचल्यावरही त्याला वळण्याची ताकद उरते. समोरच्या वैमानिकाला पळण्यासाठी मिळणारी जागा त्यामुळे आक्रसते. पैसे या गोष्टीचे आहेत.

पण समुद्रावरच्या विमानाची कामगिरी याहून वेगळ्या जागी मोजावी लागते, आणि ती जागा आपल्या दाबोळीतच आहे. आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर किनाऱ्यावरील चाचणी केंद्र आहे. तिथे विमानवाहू नौकेसारखा वर वळलेला उतार, म्हणजे स्की-जंप, आणि विमान अडवणाऱ्या तारा जमिनीवर बसवल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राफेल-एमने आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये अमेरिकेच्या सुपर हॉर्नेटने याच उतारावरून उड्डाणे करून दाखवली. याचे कारण साधे आहे. फ्रान्स आणि अमेरिका यांच्या नौकांवर कॅटापल्ट असतो, तो विमानाला ढकलून फेकतो. आपल्या विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन्ही नौकांवर तो नाही. आपल्याकडे विमानाला स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर, आखूड धावेत, उतारावरून हवेत झेपावे लागते. त्यात आपली हवा उष्ण आणि दमट. गरम हवा विरळ असते, म्हणून इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, आणि त्या मानाने बरोबर नेता येणारे इंधन व शस्त्रे कमी करावी लागतात. माहितीपत्रकात राफेलला साडेनऊ टन बाह्य भार उचलता येतो असे छापलेले असते. तो आकडा लांब धावपट्टीवरचा आहे. मे महिन्याच्या दुपारी नौकेच्या डेकवरून त्यातले किती नेता येते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणतेही नौदल जाहीर करत नाही.

मग येतो मिठाचा भाग. वास्कोत खिडकीची लोखंडी जाळी किती पावसाळे टिकते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. विमानाचे तेच होते, फक्त तिथे गंज दिसण्याच्या आधी शोधावा लागतो. समुद्रावरून आलेले विमान गोड्या पाण्याने धुणे, इंजिनाचा कॉम्प्रेसर धुणे, विजेचे जोड उघडून पाहणे, रंगाखाली फुगलेला भाग खरवडून पुन्हा रंगवणे, ही कामे उड्डाणाच्या प्रत्येक तासाला चिकटलेली असतात. शिवाय नौकेवर उतरणे ही ठरवून केलेली आपटणीच असते. तारेत हुक अडकला की काही टनांचे विमान शंभर मीटरच्या आसपास थांबते. हा धक्का चाकांच्या दांड्यांपासून कॉकपिटमधल्या पेट्यांपर्यंत सगळ्यांना बसतो. म्हणून हवाई दलाच्या आणि नौदलाच्या विमानांची नावे सारखी असली तरी त्यांची थेट तुलना करू नये, असे मी म्हणेन. झुआरीकाठ यांनी तेजस मार्क-१ए शी केलेली तुलना इथेच लंगडी पडते, कारण ते विमान नौकेवर उतरूच शकत नाही.

हिशेबनीस, पणजी

तंत्रज्ञ साहेबांनी विमान उघडून दाखवले, मी बिल उघडतो.

झुआरीकाठ, तुमचा भागाकार गणित म्हणून बरोबर आहे, पण भाज्यात काय काय भरले आहे ते तुम्ही पाहिलेले नाही. २०१६ च्या राफेल व्यवहाराने हा घोळ अख्ख्या देशाला दाखवला होता. २३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत ३६ विमानांच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा संरक्षणमंत्री आपले मनोहर पर्रीकर होते. रक्कम होती ७८७ कोटी युरो, म्हणजे त्या वेळचे सुमारे ५९ हजार कोटी रुपये. ३६ ने भागल्यास विमानामागे सुमारे १,६४० कोटी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितलेली एका विमानाची किंमत मात्र सुमारे ६७० कोटी होती. विरोधक पहिला आकडा घेऊन भांडले, समर्थक दुसरा, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. ६७० कोटी हे नुसत्या विमानाचे होते. १,६४० मध्ये क्षेपणास्त्रे, भारतासाठी खास केलेले तेरा बदल, सुटे भाग, तळांवरच्या सोयी, आणि ताफ्यातली ७५ टक्के विमाने उड्डाणाला तयार ठेवण्याची कंपनीची हमी हे सगळे आले. २०१९ च्या फेब्रुवारीत कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला. त्याने हा व्यवहार २००७ च्या प्रस्तावाच्या तुलनेत २.८६ टक्क्यांनी स्वस्त ठरवला, पण मूळ किमती मात्र झाकून ठेवल्या. ज्या लेखापरीक्षणात टक्केवारी आहे आणि रक्कम नाही, असा अहवाल माझ्या धंद्यात मी सही करून दिला असता तर अशिलाने मला दुसऱ्यांदा उभे केले नसते. असो.

आता राफेल-एमकडे या. या ६३ हजार कोटींत प्रशिक्षण, सिम्युलेटर, शस्त्रे आणि ठरावीक काळाची देखभाल आहे, हे सरकारने सांगितले आहे. त्याच निवेदनात आणखी एक ओळ आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटली : हवाई दलाकडे आधीपासून असलेल्या राफेल विमानांसाठीची जादा सामग्रीही याच करारात आहे. म्हणजे भाज्यात हवाई दलाचा माल आणि भाजकात फक्त नौदलाची विमाने. दुकानाचे आणि घराचे बिल एकत्र करून घरातल्या माणसांनी भागल्यासारखे हे झाले. विमानाचा सांगाडा भारतात बनवण्याची सोय, इंजिन आणि सेन्सर यांच्या दुरुस्तीची केंद्रे आणि आपली शस्त्रे त्यावर बसवण्याचे तंत्रज्ञान यांचाही करारात उल्लेख आहे. यांतल्या कशाला किती, हे जाहीर नसल्यामुळे २,४२३ या आकड्याला ‘एका विमानाची किंमत’ म्हणणे मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट चलनाची. १,६४० चे २,४२३ झाले म्हणजे नऊ वर्षांत किंमत दीडपट झाली, असे लोक म्हणतात. २०१६ मध्ये युरो सुमारे ७५ रुपयांना होता, २०२५ च्या एप्रिलमध्ये ९६-९७ ला. दोन्ही रकमा युरोत आणल्या तर विमानामागे सुमारे २१.९ कोटी युरोंचे सुमारे २५ कोटी युरो झाले. वाढ सुमारे १४ टक्के. उरलेली वाढ फ्रेंच कंपनीच्या खिशात गेली नाही. ती आपल्या रुपयाच्या घसरणीत गेली. विमान विदेशी चलनात घेतले की त्याचा प्रत्येक सुटा भागही पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच चलनात घ्यावा लागतो. तेजसच्या बाजूने बोलायचे तर मी हा मुद्दा पहिला मांडीन, वेगाचा किंवा अभिमानाचा नाही.

वेर्ण्याचा पठारकर

चर्चा तांत्रिक आहे आणि मी त्यातला नाही, पण १६ नोव्हेंबर २०१९ ची दुपार मला अजून आठवते. दाबोळीहून उडालेले मिग-२९के चे प्रशिक्षण विमान आमच्या पठारावर कोसळले. पक्ष्यांचा थवा आडवा आला, एक इंजिन बंद पडले आणि दुसऱ्याने पेट घेतला, असे नंतर नौदलाने सांगितले. दोन्ही वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवले आणि मग ते बाहेर पडले, दोघेही वाचले. धूर आम्ही लांबून पाहिला.

माझा प्रश्न एवढाच आहे. दोन इंजिनांचे विमान सुरक्षित असते असे म्हणतात, आणि त्या सुरक्षिततेसाठी दुप्पट इंजिनांची खरेदी, दुप्पट ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती), जादा इंधन हे सारे आपण सोसतो. त्या दिवशी तर दोन्ही गेली. मग एका इंजिनाचे स्वस्त विमान काय वाईट? आणि विमान पडते तेव्हा त्याची किंमत या हिशेबात कुठे लिहिली जाते?

जुना तंत्रज्ञ, वास्को

पठारकर, पक्ष्यांचा थवा हा दोन इंजिनांच्या विरोधातला पुरावा धरता येत नाही, कारण थवा दोन्ही तोंडांत एकदम शिरतो. दुसऱ्या इंजिनाचा उपयोग होतो तो एकात आतला बिघाड झाला तर. पायाखाली जमीन नसून शेकडो मैल समुद्र आहे, हे लक्षात घेतले की नौदले दोन इंजिने का मागतात ते कळते. तरी तुमचा आक्षेप सरसकट चूक नाही. एफ-३५ चे एकच इंजिन आहे आणि त्याच्या दोन आवृत्त्या जहाजांवरून उडतात. आपले सी हॅरियरही एकाच इंजिनाचे होते. ते उभे उतरू शकत असे, आणि त्या कसबाची किंमत त्याने घेतली. १९८३ पासून आलेल्या तीस विमानांपैकी निम्म्याच्या आसपास अपघातांत गेली. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जे सी हॅरियर उभे आहे, त्याच्या शेजारी मुलांचे फोटो काढताना हा आकडा कोणाला आठवत नाही.

पडलेल्या विमानाची किंमत कुठे लिहितात, याचे उत्तर असे की ती पुढच्या मागणीत लिहिली जाते. ताफा लहान होतो आणि उरलेल्या विमानांवर तेवढेच तास टाकले जातात.

फोंड्याची प्राध्यापिका

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि दरवर्षी मुलांना एफ-३५ चे उदाहरण देते, कारण इतका उघड हिशेब दुसऱ्या कोणत्याही लढाऊ विमानाचा मिळत नाही.

एफ-३५ ए या आवृत्तीची अलीकडच्या तुकड्यांतली किंमत सुमारे सव्वाआठ कोटी डॉलर आहे. हे ऐकले की राफेलपेक्षा ते स्वस्त वाटते आणि आपल्याकडे लगेच ‘मग तेच का घेत नाही’ असे लेख निघतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ मध्ये दिलेला अंदाज पाहा. २०८८ पर्यंत या सगळ्या विमानांचा एकूण खर्च दोन लाख कोटी डॉलरच्या वर जाईल, आणि त्यातले सुमारे १.५८ लाख कोटी डॉलर केवळ ती उडती ठेवण्याचे आहेत. म्हणजे विकत घेण्याचा खर्च एक-पंचमांशाच्या जवळपास. बाकीचे सगळे नंतरचे. इतके करून २०२३ च्या मार्चमध्ये त्यांच्या ताफ्यापैकी सुमारे ५५ टक्केच विमाने मोहिमेला तयार होती. उद्दिष्ट ८५ ते ९० टक्क्यांचे होते. याची छोटी झलक आपण घरबसल्या पाहिली : १४ जून २०२५ रोजी ब्रिटिश नौदलाचे एफ-३५ बी तिरुवनंतपुरमला उतरले आणि २२ जुलैपर्यंत तिथेच अडकून पडले. केरळच्या पर्यटन खात्याने त्यावर विनोदी जाहिरात केली. माझे विद्यार्थी हसले, पण त्या विमानासाठी ब्रिटनहून तज्ज्ञांचे पथक यावे लागले, यातच सगळा धडा होता.

उड्डाणाच्या दर तासाचा खर्च हा दुसरा आवडता आकडा. स्वीडनचे ग्रिपेन तासाला ४,७०० डॉलरमध्ये उडते आणि राफेल १६,५०० मध्ये, असे २०१२ पासून सर्वत्र फिरते आहे. तो अभ्यास ग्रिपेन बनवणाऱ्या साब कंपनीच्याच सांगण्यावरून झाला होता, हे सांगायला मात्र सगळे विसरतात. तासाच्या खर्चात कोणी फक्त इंधन आणि रोजची देखभाल धरतो, कोणी त्यात इंजिनाचे ओव्हरहॉल घालतो, कोणी वैमानिकाचा पगार आणि तळाचा खर्चही घालतो. एकाच विमानाचे तीन आकडे निघतात.

म्हापशेकर साहेबांच्या वेगाच्या मुद्द्यावर एक उदाहरण द्यायचा मोह होतो. अमेरिकेचे एफ-२२ हे बहुतेक जाणकारांच्या मते हवाई द्वंद्वासाठी बनलेले सर्वोत्तम विमान. सुरुवातीला साडेसातशे बनवायची होती. खर्च वाढला तशी संख्या कापली, संख्या कापली तसा विकासाचा बोजा उरलेल्या विमानांवर पडून एकेकाची किंमत आणखी वाढली, आणि सैन्याला जेमतेम १८७ मिळाल्यावर कारखाना बंद झाला. त्याने हवेत पाडलेली पहिली वस्तू होती २०२३ च्या फेब्रुवारीतला चिनी फुगा. त्यासाठी चार लाख डॉलरच्या घरातले क्षेपणास्त्र खर्ची पडले. मला यावरून विमान वाया गेले असे म्हणायचे नाही, कारण ज्याच्याशी भिडायला कोणी धजत नाही त्याची कामगिरी नोंदवहीत उतरत नाही. पण संख्या घटण्याच्या या चक्राचे भय आपल्याला अधिक हवे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाल्यावर आपल्या हवाई दलाकडे २९ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे.

म्हापशेकर

ताईंच्या शेवटच्या वाक्यातून माझेच म्हणणे पुढे येते. ४२ च्या जागी २९ असतील, तर महाग थोडी घेण्यापेक्षा स्वस्त पुष्कळ घ्यावीत. नौदलासाठीही तेजसची आवृत्ती होतीच ना? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिने दाबोळीलाच तार पकडून दाखवली आणि जानेवारी २०२० मध्ये विक्रमादित्यवरही ती उतरली. ती पुढे का नेली नाही? वेगाबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो. मोटारीचे उदाहरण चुकले.

जुना तंत्रज्ञ, वास्को

नौदलाच्या तेजसने जे केले ते लहान नव्हते. नौकेवर तार पकडून उतरणारे लढाऊ विमान फार थोड्या देशांना बनवता आले आहे, आणि पहिल्याच प्रयत्नांत इथवर येणे ही आमच्या पिढीला अशक्य वाटणारी गोष्ट होती. पण विमान जड होते आणि इंजिनाचा जोर अपुरा. पूर्ण इंधन आणि कामापुरती शस्त्रे घेऊन आखूड डेकवरून ते निघू शकत नव्हते, म्हणून २०१६ च्या डिसेंबरमध्येच नौदलाने ते नाकारले होते. २०१९-२० च्या चाचण्यांतून जे शिकायला मिळाले ते पुढच्या दोन इंजिनांच्या विमानासाठी. हे लोक क्रम उलटा लावून सांगतात.

‘स्वस्त पुष्कळ’ याबद्दल सांगायचे तर तेजसही आपल्या हातात पूर्ण नाही. मार्क-१ए साठी २०२१ च्या ऑगस्टमध्ये ९९ अमेरिकी जीई एफ-४०४ इंजिने मागवली गेली. पहिले मिळाले २०२५ च्या मार्चमध्ये. कारखान्यात सांगाडे तयार आणि छातीत घालायला इंजिन नाही, अशी ती अवस्था. ६४३ कोटींचे विमान वेळेवर न येणे हाही खर्चच आहे, कारण तोवर जुनी विमाने जादा पैसे खाऊन उडवावी लागतात.

याच्या उलट सुखोई-३० एमकेआय पाहा. विमान रशियन, पण नाशिकजवळ ओझरला आपण बनवले, त्यावर ब्रह्मोस चढवले, ‘अस्त्र’ हे आपले क्षेपणास्त्र चढवले. २०१५ मध्ये कॅगने त्याची उपलब्धता ५५ ते ६० टक्के असल्याचे सांगून कान उपटले होते, ते योग्यच होते. तरीही आपले क्षेपणास्त्र आपल्या इच्छेने ज्या विमानाखाली टांगता येते, त्याची किंमत वर्षे जातील तशी उतरत जाते. राफेल-एमच्या करारातले शस्त्रे बसवण्याचे कलम प्रत्यक्षात किती उघडते, यावर माझे लक्ष आहे.

हिशेबनीस, पणजी

आता उपलब्धतेचाच हिशेब मांडतो, कारण तंत्रज्ञ साहेब आणि प्राध्यापिका दोघेही वेगवेगळ्या वाटांनी तिथेच आले आहेत.

मिग-२९के दोन करारांत आली : २००४ मध्ये १६ विमाने सुमारे ७४ कोटी डॉलरना आणि २०१० मध्ये २९ विमाने सुमारे १४७ कोटी डॉलरना. एकूण ४५ विमाने, म्हणजे एकाला सुमारे ४.९ कोटी डॉलर. राफेल-एमचा करार डॉलरमध्ये सुमारे ७४० कोटींचा, म्हणजे विमानामागे साडेअठ्ठावीस कोटी. फरक जवळजवळ सहापट. ही झाली दुकानातली पाटी.

कॅगने २०१६ च्या अहवालात मिग-२९के च्या एकआसनी विमानांची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के इतकी नोंदवली. ६५ इंजिनांपैकी ४०, म्हणजे ६२ टक्के, रचनेतल्या दोषांमुळे काढून घ्यावी लागली होती, आणि सांगाडा व फ्लाय-बाय-वायर (विजेच्या संकेतांनी विमान वळवणारी) यंत्रणा यांवरही अहवालाने बोट ठेवले होते. एका सज्ज विमानामागे किती पैसे गुंतले, असे विचारले तर ४.९ कोटींचे १३ ते ३१ कोटी डॉलर होतात. राफेल-एमला हवाई दलाच्या करारातली ७५ टक्क्यांची हमी लावून पाहिली तर साडेअठ्ठावीसचे ३८ होतात. सहापटीचा फरक तिपटीच्या आत येतो, आणि वाईट वर्षी तर सव्वापटीवर.

जुना तंत्रज्ञ, वास्को

हिशेब रंजक आहे, पण दोन खुंट्या ढिल्या आहेत. कॅगची ती टक्केवारी ताफ्याच्या सुरुवातीच्या वर्षांची आहे. तीच पुढच्या सगळ्या काळाला लावणे त्या विमानावर आणि ती राखणाऱ्या माणसांवर अन्याय होईल. आणि ७५ टक्के हे अंबाला व हाशिमारा येथील जमिनीवरच्या विमानांचे वचन आहे. तेच आकडे खाऱ्या वाऱ्यात टिकतात का, हे दाबोळीला पहिले दोन पावसाळे गेल्यावर कळेल.

हिशेबनीस, पणजी

मान्य. २००४, २०१० आणि २०२५ चे डॉलरही मी एकाच भावाने धरले आहेत, तीही तिसरी खुंटी समजा. तसे पाहता मिग थोडे महाग होते आणि फरक आणखी आटतो.

झुआरीकाठ, कुठ्ठाळी

सर्वांचे आभार. सुरुवातीच्या लेखातले २,४२३ कोटी मी ठेवतो, पण त्यांना ‘विमानाची किंमत’ न म्हणता ‘करारातील विमानामागची रक्कम, हवाई दलाच्या सामग्रीसह’ असे म्हणावे. तेजस मार्क-१ए शी केलेली पावणेचार पटीची तुलना मी मागे घेतो, कारण नौकेवर न उतरणाऱ्या विमानाशी ती लावणे चूक होते.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कोणी धरली नाही, म्हणून विचारतो. चार दोनआसनी राफेल नौकेवरून उडण्यासाठी नाहीत. ती जमिनीवरच्या प्रशिक्षणासाठी आहेत. म्हणजे डेकसाठी उरतात २२. त्यांतली ७५ टक्के सज्ज धरली तर १६ किंवा १७, आणि नौका दोन. शिवाय राफेलचे पंख मिग-२९के सारखे दुमडत नाहीत, त्यामुळे लिफ्ट आणि हँगर यांतल्या जागेचा प्रश्न वेगळाच. मग एका वेळी एका नौकेवर प्रत्यक्षात किती राफेल असतील, आणि मिग-२९के आणखी किती वर्षे त्यांच्या जोडीने उडवावी लागतील? या दुसऱ्या ताफ्याची देखभाल, वेगळे सुटे भाग आणि वेगळे तंत्रज्ञ यांचा खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा, हे हिशेबनीस यांनी सांगावे. तंत्रज्ञकाकांना एवढेच विचारायचे आहे की, एकाच हँगरमध्ये रशियन आणि फ्रेंच अशा दोन्ही मापांची अवजारे ठेवून काम करण्याचा अनुभव कसा असतो?

जुना तंत्रज्ञ, वास्को

सी हॅरियर ब्रिटिश आणि मिग रशियन अशी काही वर्षे दाबोळीने काढली आहेत. अवजारांच्या पेट्यांना वेगवेगळे रंग देतात, आणि पाळी संपताना प्रत्येक पाना मोजून पेटीत गेल्याशिवाय कोणी घरी जात नाही. कारण हरवलेला पाना इंजिनात सापडतो. दोन्ही विमानांवर हात चालणारा माणूस तयार व्हायला किती वर्षे लागतात ते उद्या सविस्तर लिहितो. तो खर्च कोणत्याही करारात दिसत नाही.